चुंबकसूची आणि चवदार तळे

१

मराठीत विज्ञान कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि ते लिहिताना काय सोडून दिले, हा प्रश्न आपल्या चळवळीने फारसा विचारलेला नाही. आपण संतवाङ्मय तपासले, पेशवाई तपासली, मध्यमवर्गीय कादंबरीचीही झाडाझडती घेतली. विज्ञानलेखनाला मात्र आपण हात लावला नाही. ग्रहताऱ्यांना जात नसते, तेव्हा त्यांच्यावरच्या लेखनातही ती नसणार, अशी आपली भाबडी समजूत झाली असावी. ग्रहताऱ्यांना जात नसते हे खरेच आहे. परंतु त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला जात असते, वाचणाऱ्याला असते, आणि ज्याच्या हाती ते पान कधी पडूच दिले नाही त्याला तर ती सर्वांत जास्त असते.

मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वडील तुर्भ्याकडील दगडखाणीत होते. घरात पदवी घेणारा मी पहिला. वर्गाबाहेर मुलांशी बोलताना एक विभागणी सतत जाणवते. विज्ञान शाखेचा विद्यार्थी म्हणतो, "सर, जात हा तुमच्या विषयातला प्रश्न, आमच्या नव्हे." कला शाखेतील, वस्तीतून आलेला विद्यार्थी म्हणतो, "विज्ञान आपल्यासाठी नाही, सर." दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून चालतात. ती अशी की, निसर्गाची चौकशी करण्याची रीत एक आणि समाजाची, धर्माची चौकशी करण्याची रीत दुसरी. ही विभागणी कोठून आली हे पाहण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आज आपण ज्याला रायगड म्हणतो आणि १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत असू, त्या एका जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे. पनवेल आणि उरण हे नवी मुंबईच्या अंगणातले तालुके त्यातच येतात.

२

नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारी ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. पण तिची मुळे १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या कुलाब्यास उभारलेल्या वेधशाळेत आहेत. १८४१ पासून तेथे चुंबकसूचीच्या हालचालींची नोंद होऊ लागली. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. त्या वादळाची कुलाब्यास झालेली नोंद आजही जगातील शास्त्रज्ञांना मोलाची वाटते. २००३ मध्ये भारतीय व परदेशी संशोधकांनी तिच्या आधारे त्या वादळाचा जोर नव्याने मोजला. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी एखादी नोंद उपयोगी पडते याचा अर्थ एवढाच, की ती प्रामाणिकपणे झाली होती.

याच काळात मराठीत विज्ञान लिहिले जाऊ लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. 'दिग्दर्शना'त भूगोल, पदार्थविज्ञान, प्राणी, इतिहास असे विषय येत. बाळशास्त्रींची योग्यता वादातीत आहे. त्यांनी धाडसही दाखवले. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाचे प्रकरण उद्भवले. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता आणि श्रीपत काही काळ मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्रींनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्या काळी हे सोपे नव्हते. पण प्रश्न कोणता विचारला गेला ते पाहा. विटाळलेल्या मुलाला कोणत्या विधीने शुद्ध करावे, हा प्रश्न होता. अन्नपाण्याने माणूस विटाळतो तो कसा, याची चौकशी 'दिग्दर्शन'काराच्या हातूनही झाली नाही.

दुसरे उदाहरण केरो लक्ष्मण छत्रे यांचे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागला आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात गणित व पदार्थविज्ञानाचा नामांकित प्राध्यापक झाला. त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. जुन्या पंचांगातील ग्रहस्थिती आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नाही हे त्यांनी दाखवले आणि १८६५ पासून सुधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले. आकाशाशी जे जुळत नाही ते बदला, इतकी स्वच्छ भूमिका त्यांनी घेतली. त्यासाठी त्यांना विरोधही झाला. परंतु त्या विज्ञानाने सुधारले ते एकादशीचे, संक्रांतीचे, मुहूर्ताचे गणित. मुहूर्ताची मुळात गरज आहे काय, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जातो त्यांच्या जगण्याशी या गणिताचा संबंध काय, हे त्या कोष्टकांच्या बाहेर राहिले.

या थोरांना आजच्या मापाने मोजून लहान ठरवणे हा माझा हेतू नाही. मला दाखवायची आहे ती सीमारेषा. प्रत्यक्ष पाहा, मोजा, जुळत नसेल तर टाका, ही रीत मराठीत आली. पण ती आकाशापर्यंत गेली आणि पाणवठ्याशी येऊन थांबली.

३

कुलाबा जिल्ह्यात ही सीमारेषा फार ठसठशीत दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या घोड्याच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची विचलित होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय दोष नसलेला पोरबंदरी दगड निवडण्यात आला. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. लगेच कुलाब्याचे बंद झाले नाही. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे जुन्या व नव्या नोंदींमधला फरक हिशेबात धरता यावा. विजेच्या ट्राम मुंबईत धावू लागल्या त्या १९०७ मध्ये.

या प्रसंगात एक शब्द महत्त्वाचा आहे : दोष. कशाच्या सान्निध्याने दोष निर्माण होतो? किती अंतरावर तो नाहीसा होतो? तो मोजता येतो काय? अलिबागच्या शास्त्रज्ञांनी हे तिन्ही प्रश्न विचारले, उत्तरे मोजून काढली आणि त्याप्रमाणे दगड निवडला. त्याच जिल्ह्यातील गावागावांत त्याच दिवशी सान्निध्याचा दुसरा एक दोष मानला जात होता. महाराचा हात पाण्याला लागला की पाणी बाटते. हा दोष कोणी मोजला होता? तो पाण्यात कोठे असतो, किती काळ टिकतो, कोणत्या घटकात उतरतो? चुंबकसूचीविषयी ज्यांनी इतकी काळजी घेतली त्या ज्ञानव्यवहारातून पाण्याविषयीचा हा साधा प्रश्न विचारला गेला नाही.

तो विचारला अस्पृश्य माणसाने, आणि तोही अलिबागच्या वेधशाळेपूर्वी. गोपाळबाबा वलंगकर महाड परिसरातले, पलटणीतून निवृत्त झालेले, जोतीराव फुल्यांच्या विचाराने घडलेले. निवृत्तीनंतर दापोलीस राहून त्यांनी 'दीनबंधू', 'सुधारक' या पत्रांतून लेखन केले आणि १८८८ च्या सुमारास 'विटाळविध्वंसन' सिद्ध केले. धर्मपीठांना व उच्चवर्णीयांना उद्देशून विचारलेले प्रश्न हे त्याचे स्वरूप. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव होते 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'. पुन्हा तोच शब्द, दोष. ज्याच्यावर दोष लादला गेला तो आता विचारत होता की दाखवा, हा दोष कोठे आहे? मला वलंगकर हे मराठीतील आरंभीच्या विज्ञानलेखकांमध्ये मोजावेसे वाटतात. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती. पण न मोजता मानलेल्या गोष्टीचा पुरावा मागणे हे विज्ञानाचे पहिले पाऊल असेल, तर ते त्यांनी टाकले होते.

४

वलंगकरांचा प्रश्न चाळीस वर्षांनी त्यांच्याच परिसरात कृतीत उतरला. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर सनातन्यांनी एकशे आठ घागरी पंचगव्य तळ्यात ओतून ते शुद्ध केले. हे सर्वांना ठाऊक आहे. येथे मला त्यातील ज्ञानाचा मुद्दा पुढे आणायचा आहे.

अन्यधर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. जनावरांनाही नव्हता. म्हणजे विटाळाचा संबंध पाण्याशी नव्हताच. तो सत्तेशी होता. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याच्या अंकांतून त्यांनी हा संबंध उलगडून दाखवला. शास्त्रवचन, इतिहास, कायदा, लोकव्यवहार असे सारे पुरावे ते वाचकापुढे मांडत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी. संशोधन आणि वृत्तपत्र यांतील अंतर त्यांनी कमी केले ते अशा वाचकासाठी.

पुढे खटला उभा राहिला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासून आहे, असा स्पृश्य वादींचा दावा होता. आता 'अनादिकाळ' हा शब्द किर्तनात चालतो. कोर्टात त्याला पुरावा लागतो. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने १९३३ मध्ये आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला. अनादि रूढी सिद्ध झाली नाही. दहा वर्षे चाललेल्या या लढ्यातून एक गोष्ट मिळाली, जी मला निकालापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. परंपरा हा स्वतःच पुरावा होऊ शकत नाही; परंपरेलाही पुरावा द्यावा लागतो. अलिबागच्या वेधशाळेत जी शिस्त चुंबकसूचीला लावली गेली, ती महाडच्या लोकांनी धर्मरूढीला लावून घेतली.

५

बाबासाहेबांच्या संशोधनाकडे आपण बहुधा निष्कर्ष म्हणून पाहतो. ते रीत म्हणून पाहणे अधिक अगत्याचे आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर या त्या विषयातील मान्यवरांची मते त्यांनी एकेक करून तपासली आणि सजातीय विवाह हेच जातीचे मर्म आहे, असे प्रतिपादन केले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेली शरीरमापनाची आकडेवारी घेतली आणि त्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशाचे आहेत ही कल्पना टिकत नाही, असे दाखवले. दुसऱ्याने गोळा केलेले आकडे, आपला निष्कर्ष, आणि वाचकाने स्वतः ताडून पाहावे यासाठी दिलेली कोष्टके. ही विज्ञानाची रीत आहे.

याहून मोठी गोष्ट १९४६ सालची. शूद्र पूर्वी कोण होते, या विषयावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी महात्मा फुल्यांच्या स्मृतीस अर्पण केला. फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथील मूळ रहिवाशांना जिंकले, या त्या काळच्या सिद्धांतावर आपली मांडणी उभी केली होती. दशावतारांच्या कथांचा त्यांनी लावलेला अर्थ त्याच पायावर आहे. बाबासाहेबांनी ज्या ग्रंथाची अर्पणपत्रिका फुल्यांच्या नावे लिहिली, त्याच ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत अमान्य केला. गुरूला वंदन आणि गुरूच्या आधारभूत सिद्धांताला नकार, दोन्ही एकाच पुस्तकात. फुल्यांचा प्रश्न त्यांनी जपला. उत्तर नवे शोधले.

ही गोष्ट आपण आपल्या तरुण कार्यकर्त्यांना किती वेळा सांगतो? आपल्या सभांतून महापुरुषांच्या वचनांची देवाणघेवाण होते, पण वचनामागची रीत सांगितली जात नाही. बाबासाहेबांनी धम्माच्या बाबतीतही तेच केले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाची पारंपरिक कथा स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलेच नव्हते हे त्यांना पटणारे नव्हते. त्याऐवजी त्यांनी शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. स्वीकारलेल्या धर्माचीही चिकित्सा करणारा हा माणूस आपल्या भिंतीवरच्या तसबिरीत आहे. त्याला हार घालताना त्याची चिकित्सा आपण बाहेर ठेवतो की काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

६

स्वातंत्र्याच्या आगेमागे मराठी विज्ञानलेखनाचा प्रवाह वेगळ्या पात्रातून वाहत होता. 'बहिष्कृत भारत' निघाले त्याच्या पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, गो. रा. परांजपे यांचे 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या दोन्हींनी मराठीत विज्ञानाची परिभाषा रुजवली, शाळांपर्यंत व्याख्याने नेली. ते ऋण मानलेच पाहिजे. पण ज्या वर्षांत 'सृष्टिज्ञान' पाण्याचे गुणधर्म सांगत होते, त्याच वर्षांत महाडच्या पाण्याचा खटला चालला होता, आणि या दोन पाण्यांची गाठ पडावी तशी पडली नाही.

१९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले. कथेला पहिले बक्षीस मिळाले. त्यांची ही सचोटी वाखाणण्याजोगीच आहे. तरी वस्तीतून आलेला माझा विद्यार्थी हा प्रसंग ऐकतो तेव्हा त्याला वेगळेच सुचते. नावाचे वजन उतरवून ठेवण्याची मुभा ज्याला आहे तो भाग्यवान. आमच्या मुलाचे आडनाव ऐकून कोणी पारडे झुकवतो तेव्हा ते उलट्या बाजूला झुकते, आणि ते नाव त्याला क्रम बदलून लपवता येत नाही.

नारळीकरांनी मात्र विज्ञानाला आकाशात ठेवले नाही, हेही नोंदवले पाहिजे. २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर व अन्य सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर सुमारे ५० टक्के बरोबर आली असती. केरूनानांनी पंचांगाचे गणित सुधारले होते. एकशे चाळीस वर्षांनी त्या पंचांगावर उभ्या असलेल्या फलिताचीच परीक्षा झाली. सीमारेषा ओलांडली गेली. त्यानंतर पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. २०१५ मध्ये कोल्हापूरला गोविंद पानसरे आणि धारवाडला एम. एम. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगलोरला गौरी लंकेश. चुंबकीय वादळावर लिहिल्याबद्दल आपल्या देशात कोणी मारले गेले नाही. आकाशाची रीत माणसांच्या व्यवहाराला लावली की काय किंमत पडते, हे महाडला मार खाल्लेल्या लोकांना १९२७ मध्येच कळले होते.

७

आता नवी मुंबईकडे येतो. ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. या पक्ष्यांवर मराठीत चांगले लेखन होते आहे. त्यात खाडीकाठच्या कोळ्याचे जाळे कधी कधी येते. पारसिकच्या डोंगराचा दगड फोडून ज्यांनी हे शहर उभे केले आणि ज्यांच्या फुफ्फुसांत ती धूळ गेली, ती माणसे निसर्गलेखनात येत नाहीत. दगडाची धूळ फुफ्फुसात काय करते हा विज्ञानाचाच विषय आहे, आणि ती कोणाच्या फुफ्फुसात जाते हाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर राज्य शासनाच्या पुरस्कार समारंभासाठी लाखो श्रद्धाळू भर उन्हात बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघाताने चौदा माणसे गेली. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. आकडा ३८ असला तरी शरीरावरचा ताण त्याहून जास्त असतो. हे ज्ञान नवे नव्हते. मराठीतही होते. पण ते ज्यांच्या उपयोगाचे होते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, आणि ज्यांनी मंडप घालायचा त्यांनी ते मनावर घेतले नाही. त्या माणसांच्या श्रद्धेला हसणे सोपे आहे आणि ते हीन आहे. ती आपलीच कष्टकरी माणसे होती. उष्णता, श्रद्धा आणि सत्ता या तिन्हींविषयी एकाच लेखात लिहिणारा लेखक आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मला छळतो.

तो लेखक आपल्याच वर्गातून यायचा आहे. त्यासाठी शिक्षक-कार्यकर्त्यांनी दोन कामे अंगावर घ्यावीत, असे मला वाटते. एक, महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर विज्ञान शाखेच्या मुलाला जातीवर लिहायला लावावे आणि कला शाखेच्या मुलीला पाण्यावर, उष्णतेवर, धुळीवर. दोघांनीही पुरावा द्यावा. दुसरे, ही चिकित्सा आपल्यापासून सुरू करावी. आपल्याही घरांत वास्तुशास्त्र शिरले आहे, लग्न ठरवताना कुंडली मागणारे आपल्यातही आहेत, आणि आपल्या व्यासपीठांवरूनही तपासून न पाहिलेला इतिहास सांगितला जातो. फुल्यांचा सिद्धांत बाबासाहेबांनी तपासला. मग आपल्या वक्त्याने तपासणीला का भ्यावे?

अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेते. चवदार तळेही आहे. एका जिल्ह्यातील या दोन जागा एकाच सहलीत दाखवणारे शाळा-कॉलेज अजून मला भेटलेले नाही. येत्या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना, दोन्ही शाखांच्या, आधी अलिबागला आणि मग महाडला नेणार आहे. दोन्ही ठिकाणी त्यांना एकच प्रश्न वहीत लिहायला सांगणार आहे : येथे दोष कशाला म्हटले गेले, आणि तो कोणी मोजला?